माऊसला बटणे किती असावीत?

काही वर्षांपूर्वी एका शाखेत ज्येष्ठ खातेदारांसाठी इंटरनेट बँकिंगचा परिचयवर्ग घेण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. वर्गात आठ-दहा जण होते. त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. खात्यातील शिल्लक कशी पाहावी, विवरण कसे मागवावे हे त्यांना एकदा सांगताच समजले. परंतु माऊस हाती घेतला की त्यांचे बोट नेमके उजव्या बटणावर पडे आणि पडद्यावर एक अनपेक्षित यादी उघडे. तिसऱ्यांदा तसे झाल्यावर त्यांनी माऊस बाजूला सारला आणि शांतपणे विचारले, "एकच बटण दिले असते तर चुकायला जागाच उरली नसती. हे दुसरे कशासाठी?"

वर्गात थोडा हशा पिकला. पण वर्ग संपल्यावर त्या जे बोलल्या ते हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. "भलतेच बटण दाबले जाईल आणि पैसे भलतीकडे जातील, ही भीती मनातून जात नाही. म्हणून शेजारच्या मुलाला पासवर्ड सांगून ठेवला आहे. तोच सगळे करून देतो." एका बटणाच्या भीतीपोटी बाईंनी आपल्या तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली होती.

बाईंनी विचारलेला प्रश्न संगणकशास्त्रातील मोठमोठ्या व्यक्तींनीही विचारला आहे. गेली साठ वर्षे त्यावर वाद झाले, प्रयोग झाले, आणि निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा हा अल्प परिचय.

लाकडी ठोकळ्यापासून प्रारंभ

माऊसचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत झाला. डग्लस एंगलबार्ट या अभियंत्याची ती कल्पना, आणि १९६४ च्या सुमारास ती प्रत्यक्षात उतरवली त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी. तो पहिला माऊस म्हणजे लाकडाचा एक पोकळ ठोकळा होता. खाली परस्परांशी काटकोनात बसवलेली धातूची दोन चाके होती. एक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी. वर बटण मात्र एकच होते.

पुढे ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत एंगलबार्ट यांनी या साधनाचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा माऊसवर तीन बटणे आली होती. डाव्या हातासाठी पाच कळांचा एक स्वतंत्र संचही होता. तीनच बटणे का, याचे कारण मोठे साधे आहे. त्या लहानशा पेटीत तेवढीच मावत होती. अधिक मावली असती तर एंगलबार्ट यांची ना नव्हती.

त्यांच्या या भूमिकेमागे एक ठाम विचार होता. संगणक हे माणसाची बुद्धी वाढवणारे साधन आहे. आणि असे साधन वापरण्यासाठी माणसाने थोडे कष्ट घेऊन शिकले पाहिजे, असे ते मानत. यासाठी ते सायकलचा दाखला देत. लहान मुलाची तीनचाकी सायकल कोणालाही शिकावी लागत नाही. दोनचाकी शिकताना गुडघे फुटतात. म्हणून जन्मभर कोणी तीनचाकीवर बसून राहत नाही.

याच सुमारास, ऑक्टोबर १९६८ मध्ये, जर्मनीतील टेलिफुंकन कंपनीनेही स्वतंत्रपणे असेच एक साधन जाहीर केले होते. त्यात चाकांऐवजी गोळी होती आणि बटण एकच होते. म्हणजे 'एक की अनेक' हा प्रश्न माऊसबरोबरच जन्माला आला, असे म्हणावयास हरकत नाही.

तिनाचे दोन, दोनाचे एक

१९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 'आल्टो' हा संगणक तयार झाला. त्याचा माऊस तीन बटणांचा होता. तेथील संशोधक काही कार्यक्रमांत या बटणांना तांबडे, पिवळे व निळे अशी नावे देत. अडचण अशी होती की एका कार्यक्रमात एखाद्या बटणाचा जो अर्थ, तोच दुसऱ्या कार्यक्रमात असेलच असे नाही. जे रात्रंदिवस त्या यंत्रासमोर बसत त्यांना हे पाठ झाले. पण बाहेरून आलेला माणूस गोंधळून जाई.

म्हणून याच कंपनीने कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी 'स्टार' हा संगणक बनवावयास घेतला, तेव्हा बटणांच्या संख्येवर प्रयोग केले. एक, दोन आणि तीन बटणांच्या निरनिराळ्या पद्धती नवख्या व्यक्तींना वापरावयास देऊन कोणाला किती वेळ लागतो व किती चुका होतात हे मोजले. अखेरीस १९८१ मध्ये 'स्टार' बाजारात आला तो दोन बटणांचा माऊस घेऊन. डाव्या बटणाने निवड करावयाची, उजव्याने ती निवड वाढवावयाची, असा सरळ नियम होता.

पालो आल्टोच्या याच केंद्रात लॅरी टेस्लर नावाचे संशोधक होते. जो माणूस यापूर्वी संगणकाला कधी शिवलेलाही नाही, त्याला पुढे बसवून तो कोठे अडखळतो हे पाहण्याची त्यांची पद्धत होती. १९८० मध्ये ते ॲपल कंपनीत गेले. तेथे 'लिसा' या संगणकाचे काम चालू होते आणि माऊसच्या बटणांवरून मतभेद होते. टेस्लर यांनी एका बटणाचा आग्रह धरला. बटण एकच असले की कोणते दाबावे हा प्रश्नच उद्भवत नाही. शिकवणाऱ्याला 'दाबा' एवढेच सांगावे लागते. आणि माणसाची नजर हातावर न राहता पडद्यावर राहते, असा या पक्षाचा युक्तिवाद होता.

जानेवारी १९८३ मध्ये 'लिसा' आणि जानेवारी १९८४ मध्ये 'मॅकिंटॉश' एका बटणाच्या माऊससह बाजारात आले. मॅकिंटॉशबरोबर ध्वनिफीत व फ्लॉपी देऊन ग्राहकाला माऊस हलवण्याचे पाठ दिले जात. ज्यांनी माऊस कधी पाहिलाही नव्हता अशा लोकांसाठी ते यंत्र होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आमच्या वर्गातील बाई जे म्हणत होत्या, तेच ॲपलने केले होते.

एका बटणाची किंमत

मग प्रश्न सुटला म्हणावे काय? तसे झाले नाही. बटणे कमी केली तरी माणसाची कामे कमी होत नाहीत. एखादी वस्तू निवडणे आणि ती उघडणे या दोन भिन्न क्रिया आहेत. बटण एकच असेल तर त्या वेगळ्या कशा ओळखाव्यात? यावर तोड निघाली ती 'डबल क्लिक'ची. एकदा दाबले तर निवड, पाठोपाठ दोनदा दाबले तर उघडणे. कळफलकावरील एखादी कळ दाबून ठेवून माऊसचे बटण दाबले तर तिसराच अर्थ.

येथे लक्षात येते की गुंतागुंत नाहीशी झाली नाही; तिने केवळ जागा बदलली. आधी ती बटणांच्या संख्येत होती, ती आता बोटाच्या गतीत शिरली. विंडोज प्रणालीत दोन क्लिकमधील अंतर सामान्यतः अर्ध्या सेकंदाच्या आत असावे लागते. तरुण बोटाला यात काही वाटत नाही. परंतु ज्याच्या हाताला कंप आहे वा सांधे आखडलेले आहेत, त्याच्याकडून दुसरा क्लिक उशिरा पडतो, किंवा दोहोंच्या मध्ये माऊस किंचित सरकतो आणि यंत्राला डबल क्लिक समजतच नाही. दुसरे बटण डोळ्यांना दिसते, बोटाला लागते. अर्ध्या सेकंदाचा नियम कोठेच दिसत नाही. तो कोणीतरी सांगावा लागतो.

दुसरे बटण कामाला लागते

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८३ मध्ये आपला पहिला माऊस आणला, तो दोन बटणांचा. मात्र पुढे कित्येक वर्षे उजव्या बटणाला फारसे काम नव्हते. ऑगस्ट १९९५ मध्ये 'विंडोज ९५' आले आणि चित्र पालटले. पडद्यावरील कोणत्याही वस्तूवर उजवे बटण दाबावे, म्हणजे त्या वस्तूचे काय काय करता येईल याची यादी समोर येते, असा एकच नियम सर्वत्र लागू झाला. डावे बटण म्हणजे 'हे कर'. उजवे बटण म्हणजे 'काय करता येईल ते सांग'.

हा नियम समजला की उजव्या बटणाची भीती निम्म्याने कमी होते. उजव्या बटणाने उघडलेली यादी हा केवळ प्रश्न असतो. तिच्यातील एखाद्या ओळीवर क्लिक करेपर्यंत काहीही घडत नाही. यादी नको असेल तर बाहेर रिकाम्या जागी क्लिक करावे वा 'एस्केप' ही कळ दाबावी. ती निघून जाते.

दुसरीकडे, विद्यापीठे व प्रयोगशाळांतील युनिक्स संगणकांवर तीन बटणांचीच परंपरा टिकली. तेथे मजकुरावरून माऊस फिरवावा आणि दुसऱ्या जागी मधले बटण दाबावे, की तो मजकूर तेथे उमटतो. ज्यांना ही सवय लागली ते आजही ती सोडावयास तयार नसतात.

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'इंटेलिमाऊस'ने दोन बटणांच्या मध्ये एक लहानसे चाक बसवले. असे प्रयत्न इतरांनीही केले होते, पण ते घरोघर पोहोचले या माऊसमुळे. चाक फिरवले की पान वरखाली सरकते. आणि तेच चाक दाबले की ते तिसऱ्या बटणाचे काम करते. अशा रीतीने तीन बटणांचा माऊस मागच्या दाराने परत आला, आणि फारशी कोणाची तक्रार झाली नाही. कारण चाकाचे काम त्याच्या आकारावरूनच कळते. ते निराळे शिकवावे लागत नाही.

एका बटणाच्या पक्षालाही पुढे तडजोड करावी लागली. ॲपलने १९९७ मध्ये 'कंट्रोल' कळेसह क्लिक केल्यास यादी उघडण्याची सोय दिली, आणि २००५ मध्ये उजवीकडचा क्लिक ओळखणारा स्वतःचा माऊस आणला. बाहेरून मात्र तो अखंड दिसे. बटणांची फट कोठेही नव्हती.

मनाचे गणित

बटणांची संख्या वाढली की नेमके काय बिघडते? यासंबंधी मानसशास्त्रातील एक जुना नियम उपयोगी पडतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. हिक यांनी १९५२ मध्ये दाखवले की पर्याय वाढतात तसा निर्णयाचा वेळ वाढतो. मात्र तो पर्यायांच्या प्रमाणात वाढत नाही. पर्याय दुप्पट झाले की वेळात ठरावीक भर पडते. म्हणजे एकाची दोन बटणे झाल्याने आभाळ कोसळत नाही. शिवाय सराव वाढत जाईल तसा हा भारही हलका होतो.

खरा अडसर संख्येपेक्षा अर्थाचा असतो. आपल्या परिचयाचे एटीएम पाहा. जुन्या धाटणीच्या एटीएमच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार, म्हणजे एकूण आठ बटणे असतात. त्याखेरीज आकड्यांच्या कळा वेगळ्याच. इतकी बटणे असूनही माणूस सहसा गोंधळत नाही, कारण प्रत्येक बटणाचा त्या क्षणीचा अर्थ त्याच्या शेजारीच पडद्यावर लिहिलेला असतो. माऊसवर बटणे दोनच, पण त्यांवर काहीही लिहिलेले नसते. अर्थ सगळा डोक्यात ठेवावा लागतो. निवृत्त मुख्याध्यापिका एटीएम निर्धास्तपणे वापरीत आणि माऊसला भीत, यात म्हणूनच काही नवल नव्हते.

याउलट बँकेच्या काउंटरमागील कर्मचाऱ्यांचा अनुभव आठवावा. शाखांचे संगणकीकरण झाले तेव्हाच्या अनेक प्रणालींत माऊस नव्हताच. होत्या त्या कळफलकावरील डझनभर फंक्शन कळा. नव्या कर्मचाऱ्याला त्या पाठ करताना घाम फुटे. पण सहा महिन्यांनी तोच कर्मचारी कळफलकाकडे न पाहता नोंदी करी. पुढे माऊसवर चालणारी नवी प्रणाली आली तेव्हा 'आता हात वारंवार उचलावा लागतो' अशी कुरकुर अनेक काउंटरवर ऐकू आली. नवशिक्याला थोडी बटणे सुखाची वाटतात, सराईताला भरपूर. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

प्रत्येकाचा हात वेगळा

आज बाजारात दोन बटणे व एक चाक असा माऊस सर्वसामान्य झाला आहे. पुष्कळ माऊसच्या अंगठ्याकडील बाजूस आणखी दोन बटणे असतात. त्यांनी मागील वा पुढील पानावर जाता येते. संगणकीय खेळ खेळणाऱ्यांसाठी २००९ मध्ये रेझर कंपनीने 'नागा' नावाचा माऊस काढला, त्याला केवळ अंगठ्यासाठीच बारा बटणे होती. याउलट मोबाईलच्या स्पर्शपडद्यावर एकही बटण नाही. पण तेथेही बोट थोडा वेळ दाबून धरले की यादी उघडते. म्हणजे उजवे बटण गेले तरी त्याचे काम उरलेच; आणि 'किती वेळ दाबायचे' हा अदृश्य नियम पुन्हा आला.

यंत्राच्या नावांविषयी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्र यांनी एका भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतील मुलांना तो मोकळेपणी हाताळू दिला. शिकवणारे कोणी नव्हते. मुलांनी पडद्यावरील बाणाला 'सुई' वा 'तीर' म्हटले आणि वाट पाहावयास लावणाऱ्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. चुकण्याची भीती नसली की माणूस यंत्राला आपल्या भाषेत ओढून घेतो, हाच त्यातील धडा. मोठ्या माणसाचे अडते ते चुकीच्या धास्तीने. आणि पैशाचा व्यवहार असला की ही धास्ती रास्तही असते.

खातेदारांसाठी काही उपयुक्त गोष्टी

वरील विवेचनातून आपल्या दैनंदिन उपयोगाचे असे काही निष्पन्न होते, ते थोडक्यात पाहू.

१. इंटरनेटवरील कोणत्याही पानावर सहसा एकच क्लिक पुरेसा असतो. डबल क्लिक हा संगणकातील फाइल उघडण्यासाठी आहे. रक्कम पाठवण्याच्या बटणावर सवयीने दोनदा क्लिक करू नये. काही संकेतस्थळे दुसरा क्लिक आपोआप नाकारतात. परंतु सर्वच तसे करतील असे धरून चालू नये. पान पुढे सरकले नाही तर पुन्हा क्लिक करण्यापूर्वी खात्याचे विवरण पाहावे.

२. अनेक बँकांच्या संकेतस्थळांवर उजवे बटण मुद्दाम निष्क्रिय ठेवलेले असते. ते दाबल्यावर काहीच झाले नाही वा सूचना आली, तर माऊस बिघडला असे समजू नये.

३. डावखुऱ्या व्यक्तींना संगणकाच्या 'माऊस' या सेटिंगमधून डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदल करता येते. डबल क्लिकची गतीही कमी करता येते. बटण दाबून धरणे कठीण जात असेल, तर थोडा वेळ दाबल्यावर बोट उचलले तरी ते दाबलेलेच राहील, अशीही सोय विंडोजमध्ये आहे.

४. ज्यांना माऊस मुळीच धरवत नाही, त्यांच्यासाठी विंडोजमध्ये 'माऊस कीज' ही सुविधा आहे. कळफलकाच्या उजवीकडील आकड्यांच्या कळांनी बाण हलवता येतो. ५ ही कळ म्हणजे क्लिक आणि अधिक चिन्हाची कळ म्हणजे डबल क्लिक.

५. माऊसची सर्वांत मोलाची क्रिया करण्यास एकही बटण लागत नाही. ई-मेलमधून आलेल्या एखाद्या दुव्यावर बाण नुसता नेऊन ठेवावा, क्लिक करू नये. तो दुवा खरोखर कोठे जातो तो पत्ता बहुधा पडद्याच्या तळाशी दिसतो. वर बँकेचे नाव आणि खाली भलताच पत्ता, असे आढळल्यास तो फसवणुकीचा प्रयत्न समजावा. मात्र दिसणारा पत्ताही बनावट दाखवता येतो. म्हणून बँकेचा पत्ता स्वतः टंकलिखित करणे हाच सुरक्षित मार्ग होय. मोबाईलवर बाणच नसल्याने ही सोय नाही. तेथे अधिक सावध राहावे.

उपसंहार

माऊसला बटणे किती असावीत, या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. ज्याला आज पहिल्यांदाच यंत्रापुढे बसावयाचे आहे त्याला एक पुरे. ज्याला दिवसभर तेच काम करावयाचे आहे त्याला तीनही अपुरी. दोन बटणे व एक चाक ही मधली वाट जगाने स्वीकारली आहे. दुसऱ्या बटणाचा अर्थ सर्वत्र एकच राहिला आणि त्या बटणाने आपण होऊन काहीही घडत नाही, म्हणून ती टिकली.

त्या मुख्याध्यापिकांना आम्ही शेवटी एवढेच सांगितले, की उजवे बटण प्रश्न विचारते, डावे आज्ञा देते. मग सेटिंगमध्ये जाऊन डबल क्लिकची गती कमी करून दाखवली. पुढील आठवड्यात त्या पुन्हा आल्या. स्वतःच माऊस धरून त्यांनी शिल्लक पाहिली, आणि मग विचारले, "आता पासवर्ड कसा बदलायचा तेवढे सांगा." उजवे बटण चुकून त्या दिवशीही एकदा दाबले गेले. त्यांनी बाहेर रिकाम्या जागी क्लिक केले, आणि त्या पुढे गेल्या.